पाणी, हिरा आणि ‘मूल्य’ हा शब्द

सूक्ष्म अर्थशास्त्राच्या बहुतेक पाठ्यपुस्तकांत मूल्यविचाराचा आरंभ एका कोड्याने होतो. पाण्यावाचून मनुष्य जगू शकत नाही. परंतु पाण्याच्या बदल्यात बाजारात जवळजवळ काहीच मिळत नाही. हिऱ्यावाचून कोणाचेही अडत नाही. परंतु हिऱ्याच्या बदल्यात पुष्कळ वस्तू मिळतात. ॲडम स्मिथने १७७६ साली हे कोडे घातले, त्याला ते सुटले नाही, पुढे सुमारे शंभर वर्षे ते तसेच पडून राहिले आणि १८७१ साली सीमान्त उपयोगितेची कल्पना पुढे येताच ते सुटले, अशी कथा विद्यार्थ्यांना सांगितली जाते. ही कथा आटोपशीर आहे आणि परीक्षेत लिहावयास सोयीची आहे. मात्र तिच्यातील जवळजवळ प्रत्येक दुवा कच्चा आहे. शिवाय या कोड्यात वस्तूंइतकाच शब्दांचाही प्रश्न गुंतलेला होता, ही गोष्ट तिच्यात दिसेनाशी होते.

स्मिथचा मूळ उतारा ‘वेल्थ ऑफ नेशन्स’च्या पहिल्या खंडातील चौथ्या प्रकरणाच्या अखेरीस येतो. ते प्रकरण नाण्याच्या उत्पत्तीविषयी आहे. ते संपविताना स्मिथ सांगतो की, ‘मूल्य’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत: कधी त्याने वस्तूची उपयुक्तता दर्शविली जाते, तर कधी ती वस्तू देऊन दुसऱ्या वस्तू घेण्याची शक्ती. पहिल्यास त्याने उपयोग-मूल्य म्हटले व दुसऱ्यास विनिमय-मूल्य. ज्या वस्तूंत पहिले पुष्कळ असते त्यांत दुसरे अनेकदा अल्प असते आणि उलटही घडते, हे दाखविण्यासाठी पाणी व हिरा ही उदाहरणे तेथे आली आहेत. तेथे ‘हे असे का?’ असा प्रश्न स्मिथने विचारलेला नाही. तो एका द्व्यर्थी शब्दाचे दोन अर्थ वेगळे करीत आहे आणि पुढील प्रकरणांत आपण दुसऱ्या अर्थाविषयी बोलणार आहोत, असे वाचकास बजावीत आहे. कोशकार ज्याप्रमाणे एका शब्दाखाली दोन अर्थ देऊन प्रत्येकाला उदाहरण जोडतो, त्याच जातीचे हे काम आहे.

‘का’ या प्रश्नाचे उत्तर स्मिथला ठाऊक होते, याला पुरावा आहे. ग्लासगो विद्यापीठात त्याने दिलेल्या व्याख्यानांची विद्यार्थ्यांनी उतरविलेली टिपणे पुढे सापडली. एक संच एडविन कॅनन याने १८९६ साली प्रसिद्ध केला आणि १७६२–६३ या वर्षाचा दुसरा संच १९५८ साली उजेडात आला. पाणी विपुल म्हणून स्वस्त आणि हिरे विरळ म्हणून महाग, असे स्मिथ या व्याख्यानांत स्वच्छ सांगतो. त्याच्याही पूर्वी जॉन लॉ याने १७०५ साली पाणी आणि हिरे हीच जोडी घेऊन हेच उत्तर दिले होते. फार मागे जावयाचे तर प्लेटोच्या ‘युथिडेमस’ या संवादातही दुर्मिळ तेच मोलाचे आणि पाणी सर्वोत्तम असूनही सर्वांत स्वस्त, असा उल्लेख सापडतो. उत्तर शंभर वर्षे कोणास सुचले नाही, हे म्हणणे त्यामुळे टिकत नाही.

मग १८७१ साली नवे काय घडले? दुर्मिळता व उपयुक्तता या दोन गोष्टी पूर्वीच्या लेखकांकडे स्वतंत्रपणे होत्या. एक वस्तूच्या बाजूची, दुसरी मनुष्याच्या बाजूची. दोन्हींना एकाच पदात बसविणारी भाषा मात्र त्यांच्यापाशी नव्हती. ती भाषा कशी घडली, हे पाहण्यापूर्वी आपल्या भाषेतील शब्दांकडे थोडे वळणे आवश्यक आहे. कारण मराठी विद्यार्थी हा विचार ज्या शब्दांतून ग्रहण करतो ते शब्दही कोरे नाहीत.

‘मूल्य’ हा शब्द पाणिनीने ‘मूल’ या शब्दापासून साधला आहे. चौथ्या अध्यायाच्या चौथ्या पादातील ९१ व्या सूत्रात या साधनिकेचे दोन अर्थ दिलेले आहेत. टीकाकारांच्या विवरणानुसार ‘मूल’ म्हणजे वस्तू निर्माण करण्यासाठी घातलेले भांडवल. त्या मुळास मागे टाकून, म्हणजे लाभासह, जे पदरात पडते ते एका अर्थाने मूल्य. आणि जी वस्तू त्या मुळाशी बरोबरीची असते ती दुसऱ्या अर्थाने मूल्य. म्हणजे व्युत्पत्तीपुरते पाहिले तर ‘मूल्य’ हा उत्पादनखर्चाच्या बाजूचा शब्द आहे. रिकार्डोच्या अनुयायांना तो मनापासून आवडला असता.

याउलट ‘अर्घ’ हा प्राचीन शब्द बाजारातील भावाचा. त्याच्यापासून ‘महार्घ’ आणि ‘समर्घ’ हे शब्द झाले व मराठीत त्यांची ‘महाग’ आणि ‘सवंग’ अशी रूपे उतरली. पूज्य व्यक्तीला द्यावयाच्या ‘अर्घ्या’शी या शब्दाचे जवळचे नाते आहे. महार्घ वस्त्र म्हणजे थोर योग्यतेचे वस्त्र. महाग वस्त्र म्हणजे जरुरीपेक्षा अधिक पैसे घेणारे वस्त्र. ‘सवंग’ची अधोगती तर त्याहून मोठी. केवळ स्वस्त असणारे ते हलक्या दर्जाचे ठरून आज सवंग लोकप्रियता, सवंग करमणूक अशा निंदेतच तो शब्द उरला आहे. किमतीवरून योग्यता ठरविण्याची माणसाची खोड भाषेच्या अंगात इतकी मुरलेली असते. ‘किंमत’ हा शब्द अरबीतून फारसीमार्गे आला आणि व्यवहारात स्थिरावला. तथापि ‘त्याला माणसांची किंमत नाही’ या वाक्यात त्यानेही योग्यतेच्या प्रांतात पाय टाकला आहेच. आणि ‘पाण्यासारखा पैसा खर्च करणे’ या वाक्प्रचारात पाणी हे मोजण्याच्या लायकीचे नाही, हे गृहीत धरलेले आहे. स्मिथच्या उताऱ्याचे अर्धे मर्म त्यात येऊन जाते.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हे शास्त्र मराठीत आले तेव्हा त्याचे स्वतःचे नावही ठरलेले नव्हते. लोकहितवादींनी १८४९ साली ‘लक्ष्मीज्ञान’ लिहिले. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी १८५५ साली ‘अर्थशास्त्रपरिभाषा’ असे नाव योजले. अर्थात मराठीला याबद्दल कमीपणा वाटण्याचे कारण नाही. इंग्रजीतही ‘पोलिटिकल इकॉनॉमी’ हे लांबलचक नाव टाकून ‘इकॉनॉमिक्स’ स्वीकारावे, ही सूचना जेव्हन्सने आपल्या ग्रंथाच्या १८७९ च्या दुसऱ्या आवृत्तीत करीपर्यंत तेथेही हा प्रश्न मिटलेला नव्हता.

आता मूळ विषयाकडे. रिकार्डोने १८१७ साली स्मिथच्या त्याच भेदापासून आरंभ केला. उपयोगिता ही विनिमय-मूल्याची आवश्यक अट आहे, पण ती त्याचे माप नव्हे, असे सांगून त्याने तिला दाराशीच थांबविले. दुर्मिळ पुतळे, चित्रे यांसारख्या वस्तू अपवाद म्हणून बाजूला काढल्या व उरलेल्या असंख्य वस्तूंसाठी श्रमाचे माप स्वीकारले. या वाटेने पाणी-हिऱ्याचा प्रश्न सुटत नाही. तो केवळ हद्दीबाहेर राहतो. गंमत अशी की, पुढे ज्या कल्पनेने तो सुटला तिचे बीज रिकार्डोच्याच शेतात पडलेले होते. खंडाच्या सिद्धान्तात त्याने सर्वांत निकस, जेमतेम लागवडीस परवडणाऱ्या जमिनीचा विचार केला. धान्याची किंमत सगळ्या जमिनींच्या सरासरीने ठरत नाही, ती या कडेच्या जमिनीवरील खर्चाने ठरते, असे त्याचे प्रतिपादन होते. त्याच्या मागून आलेल्या इंग्रज लेखकांत ‘लागवडीची कड’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. अर्थशास्त्रातील ‘मार्जिन’ असा प्रथम शेताच्या बांधावर दिसतो. जमिनीच्या बाबतीत जे रिकार्डोला दिसले ते मनुष्याच्या गरजांच्या बाबतीत पाहण्यास आणखी अर्धे शतक लागले.

भाषाशास्त्राच्या दृष्टीने पाहता या कोड्याचा घोटाळा ‘पाणी’ या नामात आहे. ‘पाणी’ हे पदार्थवाचक नाम आहे. ‘पाणी जीवनावश्यक आहे’ या वाक्यात ते साऱ्या पाण्याचा, पाणी या जातीचा निर्देश करते. ‘पाणी स्वस्त आहे’ या वाक्यात मात्र ते जातीचा निर्देश करीत नाही. साऱ्या पाण्याचा सौदा कोणी कोणाशी केलेला नाही. तेथे अभिप्रेत असते ती एक घागर किंवा एक लिटर, आणि तीही घरात आधी काही पाणी असताना घेतलेली. दोन वाक्यांतील उद्देश्य उच्चाराने एक आहे, निर्देशाने एक नाही. ‘हिरा’ हे तर गणनीय नाम; तेथे ‘एक हिरा’ हाच अर्थ प्रथम मनात उभा राहतो. एका बाजूला संपूर्ण जाती व दुसऱ्या बाजूला एक नग अशी तुलना या कोड्यात नकळत केली जाते. सगळे पाणी की सगळे हिरे, असा सवाल असता तर उत्तराला क्षणभरही लागला नसता. एक घागर की एक हिरा, हा सवाल निराळा. आणि बाजार नेहमी हाच दुसरा सवाल विचारतो.

एखादे कुटुंब घ्यावे. त्याला दिवसाची पहिली घागर मिळाली तर ती पिण्यासाठी जाईल. दुसरी स्वयंपाकाला, तिसरी आंघोळीला, चौथी धुण्याभांड्यांना आणि पाचवी अंगणातील तुळशीला व चार झाडांना. (एखाद्या घरी तुळशीचा क्रम आंघोळीच्याही वर लागेल; तो ज्याचा त्याने ठरवावयाचा आहे.) या उपयोगांचे महत्त्व त्या कुटुंबाच्या दृष्टीने अनुक्रमे १००, ६०, ३०, १५ आणि ५ रुपये आहे, असे केवळ विवेचनासाठी मानू या, आणि रुपयाचे त्याला वाटणारे महत्त्व स्थिर आहे असेही धरू या. पाच घागरी मिळत असतील तर पाण्यापासून होणारा एकूण लाभ २१० रुपयांचा. परंतु त्यातील एखादी घागर सांडली तर कुटुंबाचे नुकसान किती? पाचच रुपये. कारण सांडलेली घागर पिण्याची असली तरी तुळशीची घागर तिच्या जागी येईल आणि शेवटी उपाशी राहील ती तुळस. म्हणून पाच घागरींपैकी कोणत्याही घागरीसाठी हे कुटुंब पाच रुपयांहून अधिक देणार नाही. याच घरी एका हिऱ्याचे महत्त्व १५० रुपये मानले, तर एकूण उपयोगितेत पाणी हिऱ्याच्या वर राहते आणि किमतीत हिऱ्याच्या तीसपट खाली. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत, आणि त्यांत विरोध नाही.

येथे विद्यार्थ्यांची एक चूक वारंवार दिसते. पाचवी घागर ही गुणाने उणी असते, किंवा ती क्रमाने शेवटी भरलेली असते, असे ते समजतात. पाचही घागरी तंतोतंत सारख्या आहेत. कोणतीही एक ‘पाचवी’ म्हणून वेगळी काढता येत नाही. सीमान्तता हा घागरीचा गुण नाही. साठा पाचांचा असताना एकीने कमीअधिक झाल्यास पडणाऱ्या फरकाचे ते नाव आहे. ऑस्ट्रियन अर्थशास्त्रज्ञ बोम-बावेर्क याने हे पाच पोती धान्याच्या दृष्टान्ताने समजाविले. एकाकी शेतकऱ्याचे एक पोते जगण्यासाठी, दुसरे अंगात बळ राहण्यासाठी, तिसरे कोंबड्यांना चारण्यासाठी, चौथे मद्य गाळण्यासाठी आणि पाचवे पाळलेल्या पोपटांसाठी. एक पोते गेले तर शेतकरी सगळ्या उपयोगांत थोडीथोडी काटछाट करीत बसत नाही. त्याचे पोपट जातात.

ही कल्पना तिघांना जवळजवळ एकाच सुमारास, परस्परांना न कळत सुचली. इंग्लंडात जेव्हन्स आणि व्हिएन्नात मेंगर यांचे ग्रंथ १८७१ साली निघाले. स्वित्झर्लंडमध्ये लोझान येथे वालरासचा ग्रंथ १८७४ साली निघू लागला. त्यांच्याही आधी जर्मनीत हेरमान गोसेन याने १८५४ साली हेच तत्त्व गणिताच्या भाषेत मांडले होते. ग्रंथ कोणी वाचला नाही. निराश होऊन त्याने उरलेल्या प्रती परत घेतल्या आणि १८५८ साली तो वारला. जेव्हन्सला १८७८ साली या पुस्तकाचा पत्ता लागला, तेव्हा त्याने पुढच्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत गोसेनचे अग्रेसरत्व मोकळेपणाने मान्य केले. विद्येच्या क्षेत्रात असे औदार्य वाटते तितके सुलभ नसते.

तिघांनाही वस्तू दिसली होती. तिला नाव काय द्यावे, याविषयी मात्र तीन तऱ्हा झाल्या. जेव्हन्सने ‘उपयोगितेची अंतिम मात्रा’ म्हटले. ‘मूल्य’ हा शब्द तर त्याला इतका गढूळ वाटला की, तो टाकून आपण ‘विनिमयाचे प्रमाण’ असेच म्हणू, असे त्याने जाहीर केले. वालरासने आपल्या वडिलांच्या लेखनातून ‘रारेते’, म्हणजे विरळता, हा शब्द उचलला आणि त्याला ‘तृप्त झालेल्या शेवटच्या गरजेची तीव्रता’ असा सर्वस्वी नवा अर्थ दिला. जुन्या नाण्यावर नवा छाप मारावा तसा. मेंगरने एकही पारिभाषिक शब्द घडविला नाही. १० पासून ० पर्यंत उतरत जाणाऱ्या आकड्यांचे एक कोष्टक देऊन त्याने काम भागविले. त्याच्या परंपरेतील व्हीझर याने १८८४ साली ‘ग्रेन्झनुत्झेन’ हा जोडशब्द बनविला: ग्रेन्झ म्हणजे सीमा, नुत्झेन म्हणजे उपयोग. इंग्रजीत विक्स्टीडने १८८८ साली ‘मार्जिनल’ हे विशेषण या अर्थी वापरले. मार्शलने १८९० च्या आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत, आपण आरंभी जेव्हन्सचा ‘अंतिम’ हा शब्द घेतला होता, परंतु हळूहळू ‘मार्जिनल’ अधिक बरा वाटू लागला, असे सांगून त्याचे ऋण फॉन थ्यूनेन या जर्मन लेखकाकडे दिले आहे. फॉन थ्यूनेन हा शेतीवाला. शब्द पुन्हा बांधावरूनच आला.

मार्शलची निवड योग्य होती. ‘अंतिम’ या शब्दाने काळातील शेवट सुचतो आणि वर दाखविलेली चूक जन्माला येते. ‘सीमा’ या शब्दाने जागा सुचते, जी साठ्याबरोबर सरकते. मराठीने ‘सीमान्त’ पत्करला. त्यात ‘सीमा’ आली हे चांगले झाले, पण तिच्या शेपटीला ‘अन्त’ही आला. शेवटच्या घागरीविषयीच्या गैरसमजाचे थोडे श्रेय या ‘अन्ता’ला द्यावयास हरकत नाही.

‘उपयोगिता’ या शब्दाने त्याहून अधिक त्रास दिला आहे. अर्थशास्त्रात दारू आणि तंबाखू यांनाही उपयोगिता आहे, कारण कोणाला तरी त्या हव्या आहेत. शास्त्राला त्यांच्या हितकारकतेशी कर्तव्य नाही. सामान्य मराठी वाचकाला हे ऐकून धक्का बसतो आणि त्याचा धक्का रास्त आहे. इंग्रजीतही हीच अडचण होती. पारेतोने त्यासाठी ग्रीकावरून ‘ओफेलिमिते’ हा नवा शब्द घडविला. दुर्दैवाने त्या ग्रीक शब्दाचाही मूळ अर्थ ‘उपकारक’ असाच आहे. फ्रान्समध्ये शार्ल जीद याने ‘इष्टता’ या अर्थाचा शब्द सुचविला आणि अमेरिकेत अर्व्हिंग फिशरने १९१८ साली ‘वाँटेबिलिटी’ असा एक ओबडधोबड शब्द पुढे केला. एकही रुजला नाही. पुढे हिक्स आणि ॲलन यांनी १९३४ साली समवृत्ती वक्रांच्या साहाय्याने दाखविले की, उपयोगिता आकड्यांत मोजण्याची गरजच नाही. दोन गोष्टींपैकी कोणती अधिक पसंत, एवढे कळले तरी मागणीचा सिद्धान्त उभा राहतो. वरील १००, ६० हे आकडे म्हणूनच शिकविण्यापुरते घ्यावयाचे. ‘उपयोगिता’ मात्र गेली नाही. जुन्या वाड्याच्या मालकासारखी ती नावाची धनीण राहिली आहे.

हा सर्व शब्दविचार पंडिती हौस नव्हे, हे पाण्याच्याच उदाहरणाने दिसते. झ्यूल द्युप्युई हा फ्रान्सच्या पूल व रस्ते खात्यातील अभियंता. सार्वजनिक बांधकामांची उपयोगिता कशी मोजावी, यावर त्याने १८४४ साली एक निबंध लिहिला. त्याने उंचावर वसलेल्या एका शहराची कल्पना केली. तेथे पाणी कष्टाने मिळते आणि रोजच्या एका हेक्टोलिटरसाठी वर्षाला ५० फ्रँक पडतात. पंप बसले आणि दर ३० फ्रँकांवर आला. जो पूर्वी एक हेक्टोलिटर घेत असे त्याचे २० फ्रँक वाचले. शिवाय तो आता अधिक पाणी घेऊ लागतो. दर आणखी उतरला की घर धुतो, आणखी उतरला की बाग शिंपतो, अगदी नाममात्र झाला की कारंजे उडवितो. लोक जे पैसे भरतात त्यावरून पाणी योजनेचा लाभ मोजणे चूक आहे, असे त्याने दाखविले. कारण भरलेला दर हा फक्त शेवटच्या, सर्वांत कमी निकडीच्या उपयोगाची साक्ष देतो. वस्तूवाचून राहण्यापेक्षा लोक जे देण्यास तयार झाले असते आणि प्रत्यक्षात जे देतात, त्यांतील अंतर हा खरा लाभ. मराठीत त्याला ‘उपभोक्त्याचे संतोषाधिक्य’ म्हणतात. आपल्या उदाहरणात कुटुंबाने पाच घागरींचे २५ रुपये भरले आणि २१० रुपयांचा लाभ घेतला, संतोषाधिक्य १८५. नळाच्या पाणीपट्टीचे उत्पन्न थोडे म्हणून नळयोजनेचे महत्त्व थोडे, असा निष्कर्ष जो काढील त्याच्या हिशेबातून हे १८५ रुपये गळलेले असतात.

याची उलट बाजू त्याहून बोचरी आहे आणि ती द्युप्युईच्याही चाळीस वर्षे आधी, १८०४ साली, लॉर्ड लॉडरडेल याने हेरली होती. पाच घागरींच्या जागी दोनच मिळू लागल्या, तर कुटुंबाचा एकूण लाभ २१० वरून १६० वर येतो. पण घागरीची किंमत ५ वरून ६० वर जाते आणि पाणी विकणाऱ्याच्या हाती २५ ऐवजी १२० रुपये येतात. समाज गरीब झाला, आणि पाण्यात गुंतलेली ‘संपत्ती’ जवळजवळ पाचपट झाली. पाण्यासारखी मुबलक वस्तू कोणी दुर्मिळ करून ठेवली तर खाजगी धन वाढेल आणि सार्वजनिक संपत्ती घटेल, हा लॉडरडेलचा मुद्दा होता. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी न्यावे लागले. पहिल्या खेपेस सुमारे ५ लाख लिटर. त्या उन्हाळ्यात लातूरकरांच्या तोंडचा ‘पाणी’ हा शब्द पदार्थवाचक राहिला नव्हता. तो घागरींत मोजला जात होता. जे पाणी विकत घ्यावे लागले त्याचा खर्च हिशेबाच्या वहीत व्यापाऱ्याचे उत्पन्न म्हणूनच चढतो. आटलेल्या विहिरीसाठी त्या वहीत रकाना नाही.

सीमान्त उपयोगितेने सगळेच उलगडले, असा समज मार्शलने वेळीच आवरला. किंमत उपयोगितेने ठरते की खर्चाने, हा वाद म्हणजे कागद कात्रीच्या वरच्या पात्याने कापला की खालच्या, असा वाद आहे, असे त्याचे मत होते. घागरी पाचच का आहेत, हे विहीर, दोर आणि खांदा यांनी ठरते. पाचव्या घागरीचे महत्त्व किती, हे घराने. पाणिनीच्या सूत्रातील ‘मूल’ अशा रीतीने पुन्हा दारात येऊन उभे राहते.

अर्थशास्त्राचे हे ऋण भाषाशास्त्रानेही घेतलेले आहे. वालरास आणि त्याच्यामागून पारेतो ज्या लोझानमध्ये शिकवीत होते, त्याच सरोवराच्या दुसऱ्या टोकाला जिनिव्हात फेर्दिनां द सोस्यूरने १९०७ ते १९११ या काळात सामान्य भाषाशास्त्रावर व्याख्याने दिली. ती विद्यार्थ्यांच्या टिपणांवरून १९१६ साली ग्रंथरूपाने निघाली. त्यांत भाषाशास्त्र आणि अर्थशास्त्र ही दोन्ही ‘मूल्या’ची शास्त्रे होत, असे सोस्यूर म्हणतो. एकात श्रम व वेतन, दुसऱ्यात अर्थ व ध्वनिरूप. दोन्हीकडे भिन्न जातींच्या वस्तूंची बरोबरी लावली जाते. पाच फ्रँकांचे नाणे देऊन पाव घेता येतो, आणि त्याची तुलना एका फ्रँकाच्या नाण्याशीही करता येते, शब्दाचेही तसेच. फ्रेंचमधील ‘मुतों’ या शब्दाने मेंढी व तिचे मांस दोन्ही दर्शविले जातात. इंग्रजीत मांसासाठी ‘मटन’ हा वेगळा शब्द असल्यामुळे ‘शीप’चे मूल्य ‘मुतों’इतके उरत नाही, जरी दोहोंनी दाखविलेले जनावर एकच असले.

हा न्याय ‘मूल्य’ या शब्दालाच लावून पाहण्यासारखा आहे. शेतमालासाठी केंद्र सरकार जी हमी जाहीर करते तिला हिंदीत ‘न्यूनतम समर्थन मूल्य’ म्हणतात व मराठीत ‘किमान आधारभूत किंमत’. शेतकऱ्याच्या तोंडी ‘हमीभाव’. ती सुचविणारा आयोग हिंदीत ‘कृषि लागत एवं मूल्य आयोग’ आहे आणि मराठीत ‘कृषी खर्च व किंमत आयोग’. हिंदीतील ‘मूल्य’ बाजारभावाचे काम बिनदिक्कत करते. मराठीत ते काम ‘किंमत’, ‘भाव’ आणि ‘दर’ यांनी वाटून घेतल्यामुळे ‘मूल्य’ वर सरकले, आणि नीतिमूल्ये, मूल्यशिक्षण अशा प्रयोगांनी ते आणखी वर गेले. ‘मोल’ त्याच शब्दाचे तद्भव रूप. ते ‘अनमोल’मध्ये आकाशाला लागले आणि ‘मोलमजुरी’त भुईला. पाठ्यपुस्तके मात्र मक्तेदाराच्या वेगवेगळ्या किमतींना अजूनही ‘मूल्यभेद’ म्हणतात. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला तो शब्द वाचून मक्तेदाराच्या नीतिमत्तेविषयी काही सांगितले जात आहे असे वाटते, आणि पान उलटल्यावर तेथे दोन मागणी-वक्र काढलेले असतात.